समुद्रावर घेतलेलं नाव

मस्कत, १४ नोव्हेंबर १९१०

ति. भागाअक्का,

पायांवर डोकं ठेवतो. हे अक्षर तू ओळखशील. खळ्यातल्या धुळीत बोटानं तुला 'ग' आणि 'म' मीच शिकवले होते. तेव्हा आबा ओरडले होते, पोरीला कशाला हव्यात या रेघोट्या. आज त्या रेघोट्यांचाच आधार आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

मी जिवंत आहे. चार वर्षांपूर्वी कापसाच्या गाठी घेऊन सुरतेला गेलो, तिथून गाठींबरोबरच गलबतावर चढलो. कराचीला माल उतरवून परत यायचं होतं. तिसऱ्या दिवशी काळ्या शिडांची नऊ गलबतं आडवी आली. त्यांच्या सरदाराला सगळे दर्यासारंग सैफान म्हणतात. त्याचं बेट कुठल्या नकाशावर नाही. त्याला जमिनीवर पाय ठेवताना कुणी पाहिलेलं नाही. म्हातारे खलाशी सांगतात, आमच्या बापांच्या वेळीही हाच होता आणि असाच दिसत होता. त्यानं आम्हाला ओळीनं उभं केलं आणि कान पुढे केला. म्हणाला, "जो आपलं नाव देईल तो माझा. जो देणार नाही तो माशांचा."

मी त्याच्या कानात माझं नाव सांगितलं. त्या दिवसापासून ते त्याच्याकडे आहे. इथे ते कुणी उच्चारत नाही, मीही नाही. त्याच्या कामासाठी किनाऱ्यावर उतरलेल्याला काही होत नाही, पण नाव परत घेतल्याशिवाय जो पळाला तो जमिनीवर तिसरं पाऊल टाकण्याआधी मेला, असं सगळे सांगतात. म्हणून पाकिटावर माझं नाव घालू नकोस. खाली मीही सही करत नाही.

इथे मला 'शकुनवाला' म्हणतात. पहिल्याच वर्षी एकदा डोलकाठीच्या भेगांतले मुंगळे तोंडात अंडी धरून वर चढताना दिसले. आपल्या बांधावर ते असे चढले की आबा वैरण झाकायला धावायचे. मी ओरडलो, आज निघू नका. सैफाननं ऐकलं. दोन गलबतांनी ऐकलं नाही, ती परत आली नाहीत. तेव्हापासून प्रत्येक वेळी तो मला विचारतो, निघायचं का? मी आभाळ पाहतो, पक्षी पाहतो, नारळ फोडून पाण्याचा वास घेतो आणि सांगतो.

आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांकडून जकात घेतो. आबा कसे आहेत? तुझी भावजय जमना कशी आहे? मस्कतला वालजी नावाच्या कच्छी माणसाचं दोरांचं दुकान आहे. त्याच्या नावानं लिही, आत 'शकुनवाल्यासाठी' अशी चिठ्ठी ठेव.

तुझा भाऊ


साक्री, ११ जानेवारी १९११

चिरंजीव जीवरामास आशीर्वाद.

पाकिटावर नाव घातलं नाही. आत घालणार. तुझं नाव आबांनी ठेवलेलं आहे, ते कुण्या सैफानच्या बापाचं नाही.

पत्र आलं तेव्हा मी चुलीपुढे होते. अक्षर पाहिलं आणि भाकरी जळाली. सासूबाई म्हणाल्या, कोणाचं शे? मी म्हटलं, शाळामास्तरांचं, पोरांच्या फीबद्दल. अशी मी खोटं बोलायला लागले बघ, तुझ्या पहिल्याच पत्रापासून.

आबा दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास गेले. अखेरपर्यंत बैलांची शिंगं कुणी रंगवली ते विचारत होते. तुझ्याबद्दल शेवटी शेवटी विचारत नव्हते. त्यांना वाटलं तू बुडालास. बठ्ठ्या गावाला तसंच वाटलं.

जकात म्हणे! ज्या जकातीला शिक्का नाही, नाका नाही, पावती नाही, तिला आपल्याकडे काय म्हणतात ते तुलाही माहीत आहे. तू दरोडेखोरांत राहतोस आणि त्यांना मुंगळे बघून सांगतोस की आज लुटायला दिवस चांगला आहे. आबांची विद्या यासाठी होती का?

जमना बरी आहे. आणखी काय लिहू? घरी ये. नाव तिथे राहू दे, तू ये. मी नवीन ठेवीन.

तुझी अक्का


मस्कत, १९ फेब्रुवारी १९११

ति. अक्का,

आबांचं वाचून वालजीच्या दुकानात दोरांच्या वेटोळ्यावर बसून राहिलो. वालजीनं पाणी दिलं.

तू लिहितेस ते खरं आहे. जकात हा शब्द मी तुझ्यासाठी शोधला होता. पण मी कुणावर हात उचललेला नाही. मी फक्त सांगतो. आमची नऊ शिडं पाहिली की समोरचे हात वर करतात, माल देतात आणि जातात.

येता येत नाही. तू हसशील, पण मागच्या महिन्यात आमच्यातला एक बलुची पळाला. धक्क्यावर उडी मारली आणि दोन पावलांत कोसळला. डोळे उघडे होते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जमनाला सांग, थांब. सैफान कधीतरी नाव परत देतो असं म्हणतात. तोवर थांब म्हणावं.

तुझा भाऊ


साक्री, २० मार्च १९११

चि. जीवरामास आशीर्वाद.

"थांब म्हणावं" असं लिहितोस. पाच वर्षं झाली. बाईमाणसाला थांब म्हणायला तुला लाज वाटत नाही?

तर ऐक. जमना थांबलेली नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, तेव्हाच तिनं लुगड्यांची गाठोडी बांधली. तू येत नाहीस म्हणून तीच निघाली आहे. नंदुरबारहून आगगाडीनं सुरतेला आणि तिथून मिळेल त्या गलबतानं मस्कतला. सरकीच्या व्यापाऱ्याकडची माणसं जात होती, त्यांच्यासोबत गेली. मी अडवलं, ऐकलं नाही. म्हणाली, समुद्रावर मेले तरी चालेल.

आता एका बाईला एवढं धाडस होतं आणि तुला तीन पावलांची भीती वाटते. ती पोचेल तेव्हा धक्क्यावर हजर राहा. आणि तिला घेऊन घरी ये.

तुझी अक्का


मस्कत, ९ मे १९११

अक्का,

कसं लिहू कळत नाही. अक्षर लागलं नाही तर पुन्हा पुन्हा वाच.

तुझं पत्र मला एप्रिलच्या मध्याला मिळालं. तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. मला एवढंच सुचत होतं की ही फेरी लवकर आटपावी आणि जमना पोचायच्या आत मी मस्कतला असावं. दोनदा मी 'नको' म्हटलं होतं, त्यामुळे खलाशी आधीच कुरकुरत होते. तिसऱ्या सकाळी सैफाननं विचारलं, निघायचं का?

अक्का, त्या सकाळी नारळ कुजका निघाला. आतलं पाणी काळं होतं. एक समुद्रपक्षी सुकाणूवर येऊन आमच्याकडे पाठ करून बसला, हाकलला तरी उठला नाही. इतका वाईट शकुन मी या पाच वर्षांत पाहिला नव्हता. मी नारळ पाण्यात टाकला आणि म्हणालो, दिवस चांगला आहे, निघा.

दुपार कलल्यावर एक गलबत दिसलं. गुजरातेकडून येत होतं. त्यानं हात वर केले नाहीत, पळायला लागलं. आम्ही पाठलाग केला. धुरकट हवा होती, अंतराचा अंदाज आला नाही. आमचा नाळेकडचा, पुढच्या टोकाचा वासा त्याच्या कुशीत घुसला. ते गलबत सुपलीसारखं उलटलं. तांदळाची पोती फुटली आणि पाणी पांढरं झालं. माणसं पडली. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता. त्या वाऱ्यावर बाईचा आवाज आला.

"जीवराम! जीवराम!"

इथे ते नाव कुणाला माहीत नाही. एका सैफानशिवाय या समुद्रावर कुणाला माहीत नाही. मी कठड्याला धरून उभा होतो. डोकं वर-खाली होताना दिसलं. हात एकदा वर आला, त्यात हिरव्या बांगड्या होत्या. पुन्हा हाक आली, "जीवराम!" आणि मग पाणी. मी उडी मारली नाही. मला पोहता येतं अक्का, पण मी उडी मारली नाही. माझं नाव ऐकून माझे पायच लाकूड झाले होते.

आम्ही थांबलो नाही. सैफाननं खूण केली आणि गलबतं वळली.

मस्कतला येऊन वालजीच्या दुकानी रोज बसतो. सुरतेकडून येणाऱ्या प्रत्येक गलबतावरून उतरणाऱ्या बायका पाहतो. जमना आली नाही. आता येणारही नाही, हे मला माहीत आहे.

तुझा भाऊ


मस्कत, २७ ऑगस्ट १९११

अक्का,

तुझं पत्र नाही. बरोबर आहे. मला कोण पत्र लिहील?

पावसाळाभर गलबतं बेटावर ओढून ठेवली होती. मला वाटलं, पाण्यापासून दूर राहिलो की ती हाक ऐकू येणार नाही. पण ती माझ्यामागे आली. भर उन्हात पिंपात तांब्या बुडवला की येते. कढईत कांदा पडला की येते. दोर ताणला की येते. दरवेळी दोनदा, मग थोडं थांबून एकदा. पाण्यात ऐकली होती तशीच, तेवढ्याच अंतरानं.

मी गळ्यात म्हसोबाचा शेंदूर बांधला. इथल्या एका मुल्लाकडून ताईत घेतला. उजव्या पायातला जोडा डाव्यात घातला. एक म्हातारा खलाशी म्हणाला, ज्याला पाण्यानं नावानं हाक मारली त्याला पाणी सोडत नाही. आता माझ्या शेजारी कुणी जेवायला बसत नाही.

सैफान अजून विचारतो, निघायचं का? पण आता विचारताना माझ्याकडे बघत नाही.

जमनाचे शेवटचे शब्द काय होते ते तू लिहिलं होतंस, "समुद्रावर मेले तरी चालेल." ते पत्र मी जाळणार होतो. जाळता आलं नाही.

तुझा भाऊ


साक्री, २४ सप्टेंबर १९११

जीवराम,

आशीर्वाद लिहायला मला तोंड नाही.

तुझी दोन्ही पत्रं पिठाच्या मडक्याखाली ठेवली होती. पीठ काढायला गेले की हात थांबायचा. श्रावणात घरात कानबाई देवी बसली तेव्हा तिच्यापुढे मी नवस बोलले नाही, गाणं म्हटलं नाही. बायांनी विचारलं, भागाबाई, काय व्हयनं? काय सांगणार होते मी त्यांना?

जमना कुठेही गेली नाही. ती सुरतेला गेली नाही, समुद्रावर गेली नाही. मी खोटं लिहिलं.

आबांच्या वर्षश्राद्धानंतर, तू बुडालास असं समजून, पंचांनी तिच्या माहेरच्यांना मोकळीक दिली. तिचा पाट लागला. जळगावजवळ असोद्याचा झिपरू म्हणून आहे, चांगला माणूस आहे, त्याची पहिली बायको प्लेगात गेली. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा जमना त्याच्या घरात नांदत होती. तुला कसं लिहू ते कळेना म्हणून "बरी आहे" लिहिलं. तू "थांब म्हणावं" लिहिलंस तेव्हा मला राग आला. वाटलं, याला लाज वाटेल, हा घरी येईल, मग समोर बसवून खरं सांगेन. म्हणून ते गाठोडं आणि ती सुरत मी बसल्या जागी रचली. "समुद्रावर मेले तरी चालेल" हे शब्दही माझेच आहेत.

तू कुजका नारळ पाण्यात टाकलास तो माझ्या पत्रामुळे. तुझ्या खोट्या शकुनाच्या आधी माझं खोटं आहे. ते गलबत आपण दोघांनी उलटवलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

पण ती जमना नव्हती. एवढं धरून ठेव.

भागाबाई


मस्कत, ३० नोव्हेंबर १९११

अक्का,

तू खोटं बोलतेस. मार्चमध्ये नाही, आता बोलतेस.

मी वेडा होईन अशी तुला भीती वाटली, म्हणून तू जमनाला असोद्याला नेऊन बसवलंस. तुझं मन मी ओळखतो. लहानपणी माझं कोकरू लांडग्यानं नेलं, तेव्हा तू सांगितलं होतंस की ते मामाच्या गावी गेलं. मी दोन वर्षं मामाच्या गावाची वाट पाहिली.

ती जमना नव्हती तर तिनं माझं नाव का घेतलं? याचं उत्तर दे. या दर्यावर माझं नाव कुणाला माहीत आहे?

मी आता शकुन पाहत नाही. तोंडाला येईल ते सांगतो. परवा कमरेला नांगराचा दगड बांधून पाहिला. किती जड आहे तेवढंच पाहायचं होतं.

तुझा भाऊ


साक्री, १८ जानेवारी १९१२

चि. जीवराम,

तुझं पत्र वाचलं आणि घरात सांगितलं की माहेरची माणसं आजारी आहेत. हे माझं शेवटचं खोटं. बैलगाडीनं धुळ्याला गेले. तिथून आगगाडीनं चाळीसगाव, तिथे उतरून दुसऱ्या गाडीनं जळगाव. आगगाडीत मी पहिल्यांदाच बसले. जळगावहून असोद्याला पायी.

जमना शेतात कापूस वेचत होती. मला पाहिलं आणि ओटीतला कापूस खाली सांडला. तिच्या झोळीत सहा महिन्यांची पोर आहे. मी सगळं सांगितलं, अगदी माझ्या खोट्यासकट. ती खाली बसली. सांडलेला कापूस गोळा करत राहिली. मग म्हणाली, "त्यासले सांगा, जमना मरी गई."

मी म्हटलं, असं का बोलतेस?

"अक्का, ते जिवंत आहेत हे गावात कळलं तर माझा पाट कुठे राहिला? ही पोर कोणाची म्हणतील? ते आले आणि हात धरला तर मी काय करू? मी बुडाले असं त्यांना वाटतंय, ते बरं आहे. वाटू द्या."

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. मी उठले. पण पाय निघेना. मी म्हटलं, "जमना, तो कमरेला दगड बांधून पाहतोय. त्याला रोज तुझी हाक ऐकू येते."

"कसली हाक?"

"त्या बाईनं मारलेली. त्याच्या नावानं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेडं बोलले. "नावानं? नाव घेऊन?" आणि मग तिनं पोरीला झोळीतून उचललं, पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "लिहा अक्का. मी बोलते तसंच लिहा. मेलेली राहायला माझी हरकत नव्हती. पण भूत होऊन कुणाच्या मानेवर बसायचं नाही मला."

पुढचे तिचे शब्द आहेत, जसेच्या तसे:

"मी जित्ती शे. मी तुमनं नाव कधी लिधं नही. बुडताना बी लिधं नसतं. लगीनमा बायास्नी दार अडावं, नाव ले म्हनीसन. मी रडनू पन लिधं नही. तवय तुम्हीच मजारथून बोलनात, सोडा तिले, मन्हा नावमा काय सोनं शे? हाई तुमले आनि माले ठाऊक, अक्काले बी ठाऊक नही. जी बाई तुमनं नाव लिसन वरडनी ती तुमनी बायको नही. बायको नवरानं नाव लेत नही. ती कोन्हीतरी माय व्हई."

जीवराम, त्या दाराआतलं बोलणं मला खरंच माहीत नव्हतं. आता तू ठरव.

आम्ही बोलत होतो तेव्हा झिपरू बांधावर येऊन उभा होता. त्यानं किती ऐकलं माहीत नाही. मला स्टेशनवर गाडीनं सोडलं त्यानंच. उतरताना म्हणाला, "त्यांना लिहा, इकडची काळजी करू नका. आणि इकडे येऊ नका." त्यानं हात जोडले होते.

तुझी अक्का


मस्कत, १६ एप्रिल १९१२

ति. अक्का,

जमनाचं बोलणं मी वालजीच्या दुकानात उभ्यानं वाचलं. दार अडवल्याचं वाचलं आणि खाली बसलो. खरं आहे ते. मी म्हणालो होतो तसं. तिचा संसार नीट चालू दे. झिपरूला सांग, मी असोद्याची वाटही विचारणार नाही.

पण त्या संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. जमना नाही, तर मग कोण? इतके महिने ती बाई माझ्यासाठी जमना होती. आता तिला चेहरा नाही, गाव नाही, माणसं नाहीत. आणि हाक थांबली नाही, अक्का. उलट आता ती जास्त स्पष्ट येते. जमनाची समजून मी तिच्यापासून पळत होतो. परक्या बाईची हाक पहिल्यांदा नीट ऐकली. त्या आवाजात घाबरणं नव्हतं. कुणाला तरी शोधणं होतं.

मी वालजीला विचारलं, गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात गुजरातेकडून निघालेलं आणि न पोचलेलं गलबत कोणतं? त्यानं दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं, कच्छच्या मांडवीहून तांदूळ घेऊन निघालेलं. त्याच्या गावचीच माणसं होती. त्यात पुरबाई नावाची विधवा होती, मस्कतला लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. सोबत तिचा मुलगा. मी विचारलं, मुलाचं नाव? वालजी म्हणाला, "जीवराम. आमच्याकडे घरोघर असतो एखादा."

वालजीला माहीत नाही मी कोणाच्या गलबतावर असतो. की माहीत आहे आणि तो बोलत नाही, कोण जाणे. पुढे त्यानं आपणहून सांगितलं, मुलगा वाचला. मासेमाऱ्यांना एका वाशाला धरलेला सापडला. मांडवीला गलबतं बांधायच्या जागी सुतारकाम करतो.

मी सैफानकडे गेलो. तो छताखाली बसला होता. पाय धरले आणि म्हटलं, माझं नाव परत द्या. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "ती बाई तुझं नाव ओरडली ते मीही ऐकलं. इतकी वर्षं माझ्याकडे ठेवलेलं नाव पाण्यातून कसं आलं? त्या दिवसापासून मी झोपलेलो नाही. समुद्र ज्याला नावानं ओळखतो असा माणूस मला माझ्या काफिल्यात नको." त्यानं वाकून माझ्या कानात माझं नाव सांगितलं. अक्का, ते सांगून तो दोन पावलं मागे सरकला. ज्याच्या नावानं अख्खा किनारा दिवे मालवतो तो माणूस मला घाबरत होता. मी खरं कारण सांगितलं नाही. त्यानं सांगूही दिलं नसतं.

मला धक्क्यावर कायमचं उतरवून गलबतं लगेच निघून गेली. मी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याच्या वेळी डोळे मिटले. काही झालं नाही. एका हमालानं धक्का दिला आणि म्हणाला, वाटेत काय उभा राहतोस?

उद्या मांडवीच्या गलबतावर खलाशी म्हणून चढतो आहे. तू म्हणशील, आता घरी ये. आधी तिथे जाऊ दे.

तुझा भाऊ
जीवराम


मांडवी बंदर, ११ मे १९१२

ति. अक्का,

हे पत्र बंदरावरच्या चौकीतून लिहितो आहे. घाबरू नकोस. मी आपल्या पायांनी आलो. सैफानबद्दल मला माहीत होतं ते सगळं सांगितलं, बेटाची वाट, पाणी भरायच्या जागा, सगळं. किती वर्षं आत ठेवतील ते कुणी सांगत नाही. जेवण बरं आहे. अंमलदाराला आपली बोली अर्धीमुर्धी कळते.

जीवराम सुतार मला पहिल्याच दिवशी सापडला. नवीन गलबताच्या फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होता. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असेल. मी तीन दिवस त्याच्याच हाताखाली फळ्या उचलल्या, पण बोलता आलं नाही. त्यानं मला भाकरी दिली, ती मी खाल्ली. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. तो हसला, "अरे, माझंच!" मग मला थांबता आलं नाही. सगळं सांगितलं. कुजका नारळ, माझं खोटं, तो वासा, मी उडी मारली नाही ते.

त्याच्या हातात ठोकणी होती. मला वाटलं आता ती डोक्यात बसेल, आणि मी डोकं वाकवलं. पण त्यानं ती खाली ठेवली. म्हणाला, "तिनं हाक मारली होती?"

मी म्हटलं, तीनदा.

"मी गलबताच्या दुसऱ्या बाजूला होतो. वारा उलटा होता. मला काही ऐकू आलं नाही. मला वर्षभर वाटतंय, ती झोपेतच गेली असेल, नाहीतर डोक्याला लागून गेली असेल, नाहीतर माझ्यावर रागावून. निघताना मी तिला बोललो होतो, कशाला येतेस, तिकडे दुसऱ्या बाया नाहीत का. तिनं मला हाक मारली?"

"तुलाच मारली. मी चुकून ऐकली."

तो मला धक्क्याच्या टोकाला घेऊन गेला. भरती लागत होती. म्हणाला, "कशी मारली? तशीच मारून दाखव."

अक्का, मी वर्षभर ती ऐकली होती, त्यामुळे चढ कुठे, थांबणं कुठे, सगळं पाठ होतं. पण माझ्या तोंडातून ती कधी निघाली नव्हती. मी समुद्राकडे तोंड करून त्या बाईच्या आवाजात हाक मारली. दोनदा, मग थोडं थांबून एकदा. धक्क्यावरचे लोक थांबून पाहायला लागले.

त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती फुटेल एवढ्या जोरानं पाण्यावर ओ दिली. "ओ, मा! ओ!" पुन्हा पुन्हा, आवाज बसेपर्यंत.

नंतर त्यानं तोंड धुतलं आणि मला म्हणाला, चल. आम्ही चौकीकडे चालू लागलो.  चौकीच्या पायरीशी आल्यावर त्यानं आपला अंगोछा माझ्या खांद्यावर टाकला, आत रात्री गार वारा लागतो म्हणाला, आणि कामावर परत गेला.

तुझा भाऊ
जीवराम